सोयाबीनवाले सर आणि संडासाच्या दारामागचा तक्ता

आमच्या सरांचा माणसांवर विश्वास होता, माणसांनी भरलेल्या कागदांवर अजिबात नव्हता. चाकणच्या आमच्या कंपनीत ते क्वालिटीचे हेड होते आणि त्यांच्या हाताखाली मी सात वर्षं काढली. कंपनी गाड्यांच्या ब्रेकसाठी लागणाऱ्या नळ्या बनवते. करंगळीपेक्षा बारीक, लांबलचक, चकचकीत नळ्या. त्यातली एक जरी आतून चिरलेली निघाली तर कुणाची तरी गाडी उतारावर थांबणार नाही, हे सर आम्हाला दिवसातून दोनदा सांगत. सकाळी एकदा, आणि जेवणानंतर आम्हाला पेंग यायला लागली की एकदा.

मी नवी लागले तेव्हा माझ्याकडे काम होतं दर दोन तासांनी पाच नळ्या मोजायच्या आणि तक्त्यात आकडे लिहायचे. लाईनवर दत्ताभाऊ म्हणून लीडर होता, चाकणजवळच्याच गावचा, घरची थोडी शेती करून कंपनीत येणारा. त्याने पहिल्याच आठवड्यात मला शहाणं केलं. म्हणाला, “म्याडम, सोमवारीच समदा आठवडा भरून टाकायचा. नळी काय बदलती व्हय? डोक्याला ताप न्हाई.” मला ते पटलं. इंजिनीअरिंगच्या चार वर्षांत प्रयोगवह्या मी अशाच भरल्या होत्या. मी एका बैठकीत शनिवारपर्यंतचे आकडे लिहून टाकले, वर थोडा नैसर्गिकपणा यावा म्हणून मधूनमधून एखादा आकडा वरखाली केला.

सर आले, तक्त्यापुढे उभे राहिले. माझ्याकडे पाहिलंही नाही. “गुरुवारी दुपारी दोनला तुम्ही स्वतः मोजल्यात का या पाच नळ्या?”

“हो सर.”

“आज बुधवार आहे, मॅडम.”

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी खिशातून भिंग काढलं, मला शेजारी बोलावलं आणि माझाच गुन्हा मला धड्यासारखा शिकवला. एका बैठकीत मारलेल्या खुणा ओळखता येतात म्हणाले. सुरुवातीच्या नीट उभ्या असतात, पुढे हात कंटाळतो आणि खुणा आडव्या पडत जातात. खऱ्या तक्त्यावर तेलाचे डाग असतात, पेनं वेगवेगळी असतात, एखादा दिवस राहून गेलेला असतो. “रिकामा तक्ता मला चालेल,” ते म्हणाले, “तो निदान खोटं तरी बोलत नाही.” मी त्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये रडले आणि त्यानंतर आयुष्यात एकही आकडा न मोजता लिहिला नाही.

बसमध्ये सर आणि मी बरोबरच असायचो. मी पिंपळे सौदागरला चढायची, ते रहाटणीला. चढल्यावर ते आधी सीट हलवून बघत, मगच बसत. माणूस किरकोळ अंगाचा, खिशाला दोन पेनं, एक निळं एक लाल, आणि पट्ट्याला मोजपट्टी. कॅन्टीनमध्ये इडली आली की दोन इडल्या शेजारी ठेवून जाडी बघायचे आणि आचाऱ्याला बोलावून विचारायचे, “हा फरक कशामुळे?” आचारी बिचारा म्हणायचा, “साहेब, इडली हाय ती.” आमच्यातल्या एकाच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना यांना स्टेजचा डावा पाय हलताना दिसला. यांनी वर जाऊन वराच्या बापाच्या कानात सांगितलं. बापाने घाबरून सगळ्या मावश्या-आत्यांना खाली उतरवलं, आणि नवरानवरीने उरलेलं लग्न त्या एवढ्या मोठ्या स्टेजवर दोघांनीच लावून घेतलं. स्टेज पडला नाही. सर म्हणाले, “माणसं उतरवली म्हणून पडला नाही.” या युक्तिवादाला उत्तर नव्हतं आणि त्यांचे बहुतेक युक्तिवाद याच जातीचे असत.

नळीच्या आतलं बघायला एक बारीक कॅमेरा लागतो. दोरीसारखा, टोकाला दिवा. आमच्याकडे तो नव्हता. सरांनी त्यासाठी दोन वर्षं वरच्या लोकांचं डोकं खाल्लं. मीटिंगमध्ये ते म्हणायचे, “बाहेरून चकचकीत दिसणाऱ्या नळीचं मला कौतुक सांगू नका. आत काय आहे ते दाखवा.” शेवटी कंटाळून कंपनीने कॅमेरा घेतला. ज्या दिवशी तो आला त्या दिवशी सरांनी सगळ्या लाईनला पेढे वाटले. आत कॅमेरा घातल्याशिवाय एक नळी त्यांनी गेटबाहेर जाऊ दिली नाही. हा माणूस असा होता, हे आधी नीट सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून तुम्हाला वाटेल की हा कुणीतरी अडाणी होता.

सर लातूरकडचे. त्यांचा मोठा भाऊ गावी शेती करायचा. तो मोठ्या आतड्याच्या कॅन्सरने गेला. सर आठ दिवसांची रजा घेऊन गेले आणि परत आले ते सोयाबीनचं एक पोतं आणि फोनमध्ये इंग्रजी शोधनिबंधांची एक चळत घेऊन. बसमध्ये माझ्या शेजारी बसून त्यांनी भावाच्या मरणाचं कारण शोधायला घेतलं. आमच्याकडे नळी खराब निघाली की पाच वेळा ‘का’ विचारायची पद्धत आहे. प्रत्येक उत्तराला पुन्हा ‘का’ विचारायचं, पाचव्याला मूळ कारण सापडतं. सरांनी भावाला तीच पद्धत लावली. भाऊ का गेला? आतड्यात गाठ झाली. का? पेशी बेसुमार वाढल्या. का? त्यांना आवरणारं द्रव्य पोटात नव्हतं. का? ते सोयाबीनमध्ये असतं आणि भावाने ते कधी खाल्लं नाही. का?

“कारण आमच्याकडं सोयाबीन मोंढ्यावर विकायला जातं, ताटात येत नाही,” सर म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले. “तीस वर्षं पिकवलं त्यानं. एक दाणा तोंडात टाकला नाही.”

त्यांचे डोळे भरले होते, म्हणून मी वाद घातला नाही. घालायला हवा होता. भावाच्या डॉक्टरांनी यांना स्पष्ट सांगितलं होतं की सख्ख्या भावाला हा आजार झालाय, तुमचंही वय पन्नाशीपुढे आहे, एकदा कोलोनोस्कोपी करून घ्या. म्हणजे मोठ्या आतड्यात कॅमेरा घालून बघायचं. हे मला सरांनीच सांगितलं, तेही डॉक्टर किती मागासलेले आहेत याचं उदाहरण म्हणून. “तपासणी ही शेवटची पायरी, मॅडम. आधी दोष निर्माणच होऊ द्यायचा नाही. हे आपण पोरांना पहिल्या दिवशी शिकवतो.” आमच्या धंद्यातलं हे वाक्य अगदी खरं आहे. ते नळ्यांबद्दल आहे, एवढाच काय तो फरक.

सोयाबीनबद्दल त्यांनी वाचलेलं खोटं नव्हतं, हेही सांगते. सोयाबीनमध्ये जेनिस्टीन आणि डेडझीन अशी दोन द्रव्यं असतात, ती प्रयोगशाळेत कॅन्सरच्या पेशींवर टाकली की पेशींची वाढ मंदावते असं दिसलंय. डेडझीनचं काही लोकांच्या पोटातले जंतू आणखी एका द्रव्यात रूपांतर करतात, काहींच्या पोटात तसले जंतूच नसतात. उंदरांत कुठे फायदा दिसतो, कुठे नाही. माणसांत काही ठिकाणी सोयाबीन खाणाऱ्यांना हा आजार थोडा कमी आढळतो, काही ठिकाणी काहीच फरक आढळत नाही. आणि सगळ्या निबंधांच्या शेवटी एक ओळ असते, की याबाबत अधिक अभ्यासाची गरज आहे. जगभरचे शास्त्रज्ञ ही ओळ हात झटकायला लिहितात. आमच्या सरांनी ती कामाची ऑर्डर म्हणून घेतली.

आणि अभ्यास सुरू झाला, चाकणला, आमच्या कॅन्टीनमध्ये.

पहिल्या शिफ्टला सोयाबीन, दुसऱ्या शिफ्टला नेहमीचं जेवण, असे दोन गट त्यांनी पाडले. कॅन्टीन त्यांच्याच अखत्यारीत येत होतं, कारण पूर्वी एकदा भाजीत स्क्रू सापडला होता आणि तेव्हापासून कॅन्टीन क्वालिटीकडे दिलं होतं. पहिल्या शिफ्टच्या नशिबी सोयाबीनच्या पिठाची चपाती, सोयाच्या वड्यांचा रस्सा आणि सकाळी चहाआधी पेलाभर सोयाबीनचं दूध आलं. पहिल्या आठवड्यात अकरा जणांनी शिफ्ट बदलून मागितली. एकाने कारण लिहिलं ‘कौटुंबिक’. दत्ताभाऊ सरांच्या टेबलापुढे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, “साहेब, आमी बी सोयाबीन पेरतो. त्येची पेंड जनावरास्नी घालतो. आता आमीच खायाची का?”

“तुमची जनावरं कॅन्सरने मेलेली पाहिलीत का कधी?” सरांनी विचारलं.

दत्ताभाऊने खरंच विचार केला. “न्हाई,” तो म्हणाला आणि हताश होऊन लाईनवर परत गेला.

आता फायदा होतोय की नाही हे मोजायचं कसं? कॅन्सर व्हायला वर्षं लागतात, सरांना महिन्याला आकडा हवा होता. त्यांनी खूप विचार करून ठरवलं की आतडं निरोगी असेल तर पोट रोज साफ होईल, तेव्हा तेच मोजायचं. संडासाच्या दारामागे झाडूवाल्यांनी साफसफाईची सही करायचा कागद असतोच. त्याच्या शेजारी दुसरा तक्ता लागला. ओळीत कर्मचाऱ्यांचे नंबर, वर महिन्याच्या तारखा, आणि ‘पोट साफ झाले: होय / नाही’. शेजारी दोरीला बांधलेली पेन्सिल. हा तक्ता मी तयार केला. फर्स्ट क्लासमध्ये मेकॅनिकल इंजिनीअर झालेली मुलगी ब्रेकच्या सुरक्षेवर काम करते असं माझे वडील नातेवाइकांना सांगत होते, तेव्हा मी त्या तक्त्याला फॉरमॅट नंबर आणि आवृत्ती नंबर देत होते.

दोन महिन्यांनी गाड्यांच्या कंपनीकडून ऑडिटर आला. सूट घातलेला, हातात टॅब. तो संडासात गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. आम्ही धसकलो. बाहेर आला तो हसत. म्हणाला, कागदावर फॉरमॅट नंबर आहे, आवृत्ती आहे, मंजुरीची सही आहे, एकही रकाना रिकामा नाही, मी इतक्या प्लान्टमध्ये जातो पण नोंदींची शिस्त इतक्या आतपर्यंत पोचलेली कुठेच पाहिली नाही. त्याने ते अहवालात ‘उत्तम पद्धती’ या मथळ्याखाली लिहिलं. काय मोजलंय ते त्याने वाचलं होतं की नाही, हे मला आजतागायत माहीत नाही.

निकालही उत्तम होता. पहिली शिफ्ट शंभर टक्के साफ. दुसरी शिफ्ट, जिने सोयाबीनचा दाणाही खाल्ला नव्हता, तीही शंभर टक्के साफ. मी सरांना हळूच म्हटलं, “सर, मग फरक काय पडला?” सर म्हणाले, “दुसऱ्या शिफ्टवाल्यांनी घरी खायला सुरुवात केली असणार. प्रसार होतोय.”

खरं काय होतं ते मला माहीत होतं. दर महिन्याच्या एक तारखेला माझ्या टेबलावरून नवे तक्ते जायचे. दत्ताभाऊ ते घ्यायचा, चहाच्या सुट्टीत बाकावर बसायचा आणि दोन्ही शिफ्टच्या सगळ्या माणसांची तीस दिवसांची पोटं एका कपात साफ करून टाकायचा. मी त्याला रंगेहाथ पकडलं तर मलाच म्हणतो, “म्याडम, संडासात गेल्याव कोण पेन्सिल हातात धरतंय? साहेब खूश, माणसं खूश. तुमी कशाला मधी पडताय?”

आणि मी मध्ये पडले नाही. मला हसू येत होतं. घरी मी हे रंगवून सांगायची, नवरा जेवताना ठसका लागेपर्यंत हसायचा. सगळ्या प्लान्टला ठाऊक होतं, फक्त सरांना नाही, असं आम्ही धरून चाललो होतो. खोटा तक्ता बघून ज्या बाईने बसमध्ये रडून घेतलं होतं, तीच आता खोटे तक्ते फाइलला लावत होती, आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं. याची लाज मला नंतर वाटली, तेव्हा नाही.

या काळात सर वाळत चालले होते. पट्ट्याला नवी भोकं पडली. आम्ही म्हणायचो, सोयाबीनने चरबी जाते. डब्यात आता चारही कप्प्यांत सोयाबीनच असायचं. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, पहाटे पाचला उठून भिजवलेल्या सोयाबीनची सालं हाताने काढायच्या, वाटायच्या, फडक्यातून गाळून दूध काढायच्या. एकदा हळदीकुंकवाला मी त्यांच्या घरी गेले तेव्हा त्यांनी मलाही पेलाभर दिलं. “आमच्याकडं हे कुणी खात नव्हतं बघा,” त्या म्हणाल्या. “ह्यांना त्याचं येडच लागलंय. मोठे भाऊजी गेल्यापास्नं. म्हटलं बरंय, काही होऊ नये म्हणून पितेत, पिऊ द्या.” दूध खरंच चांगलं झालं होतं. त्यांनी त्यात वेलदोडा घातला होता.

एका सोमवारी सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि हाताने लिहिलेला एक कागद दिला. दोन रकाने होते, एकावर ‘अ’, दुसऱ्यावर ‘ब’. “याचा आलेख काढून द्या. संबंध दिसतो का बघा.” मी तिथेच उभ्याने आकडे वाचले. ‘अ’ सुरुवातीला एक, मग दोन, मग तीन, आता पाच. ‘ब’ सुरुवातीला महिन्यातून एकदा, मग तीनदा, मग आठवड्यातून तीनदा, आता जवळजवळ रोज. दोन्ही रकाने चढत चालले होते.

“अ म्हणजे काय, सर?”

“सोयाबीनच्या दुधाचे पेले.”

“आणि ब?”

त्यांनी लाल पेन उघडलं, बंद केलं. “रक्त,” ते म्हणाले. “सकाळी जाताना पडतं. मूळव्याध असेल.”

मी खुर्चीवर बसले. त्यांनी ‘बसा’ म्हणायची वाटही मी पाहिली नाही. ते बोलत राहिले, घाईघाईने, मीटिंगमध्ये बोलावं तसे. “घाबरण्यासारखं काही नाही. प्लान्टमधला निकाल शंभर टक्के आहे. म्हणजे पद्धत बरोबर आहे. माझ्याच बाबतीत मात्रा कमी पडत असणार. उद्यापासून सहा पेले करतो.”

प्लान्टमधला निकाल शंभर टक्के आहे. दत्ताभाऊने चहाच्या सुट्टीत मारलेल्या खुणांवर हा माणूस स्वतःचा जीव टांगून बसला होता, आणि त्या खुणा फाइलला मी लावल्या होत्या.

मी बाहेर जाऊन दत्ताभाऊला सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. बराच वेळ तो हातातल्या फडक्याने नळी पुसत राहिला, पुसून झालेली नळीच पुन्हा पुसत. “म्या मारलेल्या खुणांव साहेब इसंबून बसलं व्हतं?” तो म्हणाला. “म्याडम, आमी गंमत केली व्हती.” मग म्हणाला, “मी येतो संगं. काय बोलायचं ते मला बोलू द्या त्यास्नी.” मी त्याला नको म्हटलं. हे माझं काम होतं.

सगळ्या महिन्यांचे तक्ते मी सरांच्या टेबलावर ठेवले. “सर, हे खोटे आहेत. सगळे. एक तारखेलाच भरले जातात. मला पहिल्यापासून माहीत होतं आणि मी सांगितलं नाही. माफ करा.”

त्यांनी तक्त्यांकडे पाहिलंही नाही. “मला माहीत आहे,” ते म्हणाले.

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

“पहिल्याच महिन्यात कळलं. दत्ताचा हात आहे. चार तारखेपर्यंत खुणा उभ्या, दहानंतर आडव्या. पेन्सिलचं टोक एकदाही केलेलं नाही.” ते थोडं हसले. “एवढं मला कळणार नाही का हो?”

“मग सर, तुम्ही विश्वास कसा ठेवलात?”

बाहेर प्रेस चालू होता, टेबलावरचा पेला बारीक थरथरत होता. “भावाला तपासायला नेलं तेव्हा मी बाहेर बाकावर बसलो होतो,” ते म्हणाले. “आत गेला तेव्हा मला म्हणाला, जाताना बैलासाठी घुंगरू घेऊ. बाहेर आला त्यानंतर तो घुंगराचं कधी बोलला नाही. कशाचंच बोलला नाही. चार महिने नुसता बघत होता.” मग इतक्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून न ऐकलेलं वाक्य ते बोलले. “मला भीती वाटते, मॅडम. फार भीती वाटते.”

मला त्यांची दया आली आणि रागही आला, दोन्ही एकदम. रागच आधी बाहेर पडला. मी म्हटलं, “सर, आत कॅमेरा घातल्याशिवाय तुम्ही साधी नळी सोडत नाही. लोकांच्या लग्नातले स्टेज तपासता. इडल्या मोजता. आणि इथे सहा पेले?” मी तो अ-ब चा कागद त्यांच्यापुढे सरकवला. “हा आलेख मी काढणार नाही. काकूंना सांगितलंय?”

“तिला कशाला?” ते म्हणाले. “ती उगाच काळजी करेल.”

त्या आठवड्यातच चिंचवडच्या एका हॉस्पिटलमध्ये वेळ घेतली. दत्ताभाऊने रजा टाकली आणि स्वतःची गाडी आणली, मला न विचारताच. घरी सरांनी काकूंना सांगितलं होतं की कंपनी या वयाच्या सगळ्यांची तपासणी करते, नेहमीचंच आहे. आदल्या दिवशी आतडं रिकामं करायचं औषध प्यावं लागतं, ते त्यांनी मिलिलिटरमध्ये मोजून प्यायलं आणि प्रत्येक खेपेची वेळ लिहून आणली. आमच्या संपूर्ण अभ्यासात ‘पोट साफ झाले: होय’ ही नोंद खरी झाली ती तेवढीच.

डॉक्टरांच्या खोलीत त्यांनी जेनिस्टीनची फाइल काढली. डॉक्टर मध्यमवयीन बाई होत्या, शांत. त्यांनी चार पानं चाळली. म्हणाल्या, “काका, सोयाबीन खा. चांगलं अन्न आहे, मीही खाते. प्रयोगशाळेतल्या बशीतल्या पेशी याने मरतात हे खरंय. बशीतल्या पेशी बऱ्याच कशाकशाने मरतात. पण तुम्ही बशी नाही, आणि सोयाबीन खाल्ल्याने आत काय आहे ते दिसत नाही.” सरांनी वाद घातला नाही. त्यांनी फक्त विचारलं, कॅमेऱ्याची जाडी किती, आणि उत्तर ऐकून म्हणाले, “आमचा यापेक्षा बारीक आहे.”

पुढचं आधीच सांगून टाकते. गाठ निघाली. कॅन्सरचीच होती. आतड्याचा तुकडा काढावा लागला, मग कित्येक महिने केमोथेरपी. डॉक्टरबाई म्हणाल्या, भाऊ गेले तेव्हाच आला असतात तर कदाचित तपासतानाच छोटीशी गाठ काढून घरी पाठवलं असतं. त्यांनी ते रागावून नाही, सहज सांगितलं, म्हणून जास्त लागलं. सर वाचले. दर काही महिन्यांनी कॅमेऱ्याखाली जातात आणि रिपोर्ट आला की मला फोटो पाठवतात, खाली लाल पेनाने खूण करून. नोकरी सोडली. रहाटणीला सोसायटीच्या लिफ्टचा आवाज त्यांना आवडत नाही, त्यावरून अध्यक्षाशी पत्रव्यवहार चालू आहे. संडासाच्या दारामागचे तक्ते दत्ताभाऊने स्वतः काढले. पुढच्या ऑडिटमध्ये आम्हाला त्याबद्दल शेरा मिळाला, की एक चांगली पद्धत बंद का केली.

पण माझ्या मनातून जात नाहीत ती तपासणीच्या आधीची काही मिनिटं. आम्ही बाकावर बसलो होतो. सर, शेजारी काकू, मग मी. दत्ताभाऊ खाली गाडीपाशी थांबला होता. नर्सने एक फॉर्म दिला. सरांनी खिशातलं निळं पेन काढलं आणि सुवाच्य अक्षरात भरायला घेतला. नाव, वय, कुटुंबात कुणाला आजार. तिथे त्यांनी भावाचं नाव लिहिलं. पुढचा रकाना होता, ‘त्रास केव्हापासून’.

पेन तिथे थांबलं. मला वाटलं, आता हा माणूस ‘आठ दिवस’ लिहील. बायको शेजारी बसली होती, लिहिलं असतं तर मीही काही बोलले नसते. त्यांनी सावकाश लिहिलं, ‘चौदा महिने’.

काकू चष्मा घालून फॉर्म वाचत होत्या. त्यांनी ते वाचलं, आणि पुन्हा वाचलं.

“चवदा महिने?” त्या म्हणाल्या.

सरांनी पेन पुढच्या रकान्यावर टेकवलं.

“म्हणजे भाऊजींचं वर्षश्राद्ध झालं तेव्हा पण?” काकूंचा आवाज चढला नाही. “तुम्ही पंगतीत वाढायला होतात त्या दिवशी.”

“हो.”

“मला वाटायलं, काही होऊ नये म्हणून पितेत.” त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला नाही. “मी रोज विचारायचे, आज चव जमली का. तुम्ही म्हणायचा, जमली. मी परत वाटायला बसायचे सैपाकघरात. एक दिवस सांगायचं होतं ना की हे औषध आहे म्हणून. तुमच्यापाशी बसले असते मी.”

सरांनी पेनाला टोपण लावलं. नर्सने त्यांचं नाव पुकारलं. ते हलले नाहीत. तिने दुसऱ्यांदा पुकारलं तेव्हा काकूच आधी उठल्या, आणि त्यांनी सरांचा हात धरून त्यांना उठवलं.